मोन रेपोला कासवं बघायची तर

एकच रात्र हाताशी ठेवून जाऊ नका. कासवं दिसतीलच याची हमी नसते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये बंडाबर्गजवळच्या या किनाऱ्यावर लॉगरहेड जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत अंडी घालतात, पिल्लं जानेवारी ते मार्चमध्ये बाहेर पडतात. काय पाहायचंय ते ठरवून तारखा घ्या. हंगामात रात्री किनारा बंद असतो, रेंजरबरोबरच जाता येतं. तिकीट आधीच ऑनलाइन काढा. गट आळीपाळीने सोडतात, कधी मध्यरात्र उलटते. लहान मुलं असतील तर दुपारी झोपवून आणा.

सगळ्यात जास्त घात होतो तो उजेडाने. वर चढणाऱ्या मादीला प्रकाश किंवा हालचाल जाणवली की ती अंडी न घालताच मागे फिरते. म्हणून रेंजर म्हणेल तिथे निश्चल उभं राहायचं. अंडी घालायला लागली की ती सहसा बिथरत नाही, जवळ नेतात ते तेव्हाच. एका खेपेला साधारण १२० अंडी! पिल्लं उजळ क्षितिजाकडे धावतात, त्यामुळे मोबाइलचा उजेडही त्यांना समुद्रापासून भरकटवतो. फोन, बॅटरी, फ्लॅश सगळं बंद ठेवा. कपडे गडद, बूट बंद. डासांचं मलम निघण्याआधीच लावा.