स्क्रीनवर रेघा आल्या म्हणून लगेच विंडोज उडवू नका

आधी एवढंच बघा: पीसी चालू करताच, विंडोजच्या आधी येणाऱ्या बायोसच्या स्क्रीनवरही रेघा दिसतात का? दिसत असतील तर ड्रायव्हरला (ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) दोष देऊ नका. गडबड केबल, मॉनिटर, ग्राफिक्स कार्ड नाहीतर रॅममध्ये (मेमरीच्या पट्टीत) असते. केबल बदलून बघा. मग प्लग काढून, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून रॅम काढा, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलक्या पुसा (हसू नका, खोडरबरच!) आणि खट्ट आवाज येईपर्यंत परत बसवा. माझं जुनं मशीन एवढ्यावरच सुधारलं होतं.

गेम लावल्यावरच पीसी बंद पडतो? मग ग्राफिक्स कार्डाचा पंखा आणि धूळ बघा. २००० च्या दशकातला मदरबोर्ड असेल तर त्यावरच्या कपॅसिटरची (छोट्या उभ्या डब्यांची) डोकी फुगलीत का, तेही बघा. फुगली असतील तर बाकी खटपट व्यर्थ.