कर्णाची मिशी

प्रश्न : ताई, दूरदर्शनवरच्या ‘महाभारत’ मालिकेतले कर्ण, पंकज धीर, आधी अर्जुन होणार होते म्हणे. तसं झालं असतं तर?
– एक वाचक, मिरज

उत्तर : होणार होते, हे खरं. धीर यांनीच मुलाखतींत सांगितलंय. बी. आर. चोप्रांनी त्यांना अर्जुनासाठी निवडलं होतं, पण अर्जुन स्त्रीवेषात राहतो त्या बृहन्नडेच्या प्रसंगासाठी मिशी उतरवायला ते तयार झाले नाहीत. अर्जुन गेला फिरोज खान यांच्याकडे आणि धीर यांच्या वाट्याला पुढे कर्ण आला.

मालिका सुरू झाली १९८८ च्या ऑक्टोबरात. मी सातवीत होते. रविवारी सकाळी शेजारच्या काकूंच्या खोलीत आम्ही वीसेक जण दाटीवाटीने बसायचो, खुर्ची फक्त आजीला. कर्ण कवचकुंडलं उतरवायला लागला तशी ती टीव्हीकडे हात करून म्हणाली, “नको रे देऊस, लेकरा!” लहानपणापासून कीर्तनात ऐकलेली कथा, पुढचं सगळं तिला पाठ. तरीही त्या दिवशी तिचा घास पानातच राहिला.

हे धीर यांच्या त्या डोळ्यांमुळे झालं. अर्जुनाला द्रोण लाभले, कृष्ण लाभला, आईही लाभली. त्याच्या चेहऱ्यावर ते दुखावलेले डोळे शोभले नसते हो! ती मिशी राहिली म्हणून आम्हाला कर्ण मिळाला, असंच मी मानते.

प्रश्न : आणि नितीश भारद्वाज विदुर झाले असते तर?
– त्याच वाचकांची पत्नी

उत्तर : तेही घडता घडता राहिलं. विदुराला पुढे म्हातारं दिसायचं होतं आणि हे अगदीच तरुण, म्हणून विदुर वीरेंद्र राझदान झाले. नकुल-सहदेवापैकी एक व्हा म्हटलं, तर यांनी नकार दिला. मग कृष्ण! भारद्वाज शिक्षणाने पशुवैद्य. गाईगुरांचं वैद्यक शिकलेला माणूस गोपाळ झाला, याचा मला आजही फार आनंद वाटतो.

प्रश्न : मालिकेची कथा सांगणाऱ्या ‘समय’ला चेहरा द्यायचा तर कोणाचा?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : कोणाचाच नको. हरीश भिमाणींचं “मैं समय हूँ” ऐकू आलं की काकू स्टोव्हवरचं दूध उतरवून पदराला हात पुसत बाहेर यायच्या. आवाज पुरेसा होता.