रॅम वाढवू की नवा लॅपटॉप हप्त्यावर घेऊ?

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: घरून हिशेब लिहिण्याची कामं करता, सहा वर्षांचा लॅपटॉप अडकत चालतो. दुकानदार म्हणतो ३२ जीबीची रॅम (चालू कामं ज्यात राहतात ती मेमरी) टाका, भाऊ म्हणतो नवाच घ्या, हप्ते पडतील. आणि तुम्ही विचारता, अडीअडचणीसाठी ठेवलेले पैसे मोडू का?

ते पैसे मोडू नका आणि हप्ताही घेऊ नका. रॅम वाढवा, पण ३२ची नव्हे.

तुम्ही टास्क मॅनेजरचा, म्हणजे रॅम किती भरली ते दाखवणाऱ्या खिडकीचा, फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. रोजचं काम उघडं असताना ७.८ पैकी ७.३ जीबी रॅम भरलेली आहे आणि ‘कमिटेड’चा, म्हणजे उघड्या कामांनी मागितलेल्या एकूण मेमरीचा, आकडा ११च्या पुढे आहे. रॅममध्ये न मावणारा बराचसा भाग एसएसडीवर, म्हणजे फाइली साठवायच्या डिस्कवर, ढकलला जातो आणि लागला की परत आणला जातो. एसएसडी कितीही वेगवान असली तरी रॅमच्या जवळपासही येत नाही, म्हणून ब्राउझरवरून हिशेबाच्या खिडकीत जाताना यंत्र थबकतं. म्हणजे तुमचं दुखणं खरोखर रॅमचंच आहे. भरलेल्या रॅमचा आकडा ४-५ जीबीवर दिसला असता तर मी एक पैसाही घालू नका म्हटलं असतं.

आता मर्यादा. तुमच्या लॅपटॉपमध्ये ४ जीबी बोर्डावरच डाख देऊन बसवलेली आहे, ती काढता येत नाही. उरलेल्या एकाच स्लॉटमध्ये (रॅमची पट्टी बसवायच्या जागेत) ४ची पट्टी आहे. कंपनीच्या माहितीपत्रकात कमाल २० जीबी लिहिली आहे, म्हणजे स्लॉटमध्ये जास्तीत जास्त १६. त्यापुढची पट्टी चालेल याची हमी कोणी देत नाही. पट्टी डीडीआर४ या प्रकारचीच हवी. डीडीआर५ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसणारच नाही. जास्त वेगाच्या पट्टीला जास्त पैसेही मोजू नका, ती बोर्डाला झेपेल त्याच वेगाने चालते.

मग ८ची घ्यावी की १६ची? ८ घेतली तर एकूण १२ होतात, आजच्या ११ला जेमतेम पुरतील. वर्षभरात पुन्हा अडकलात तर स्लॉट एकच, म्हणून ८ची काढून १६ची घ्यावी लागेल आणि पहिला खर्च वाया जाईल. इथे थोडं जास्त देऊन एकदाच १६ची घेणं मला पटतं.

आता पैशांचं. तुम्ही पाठवलेल्या दोन दरांनुसार रॅमचा खर्च नव्या लॅपटॉपच्या दहाव्या हिश्श्याइतका आहे. नवा लॅपटॉप ६० महिने वापराल असं धरलं, तर रॅममुळे जुना लॅपटॉप सहा महिने जरी नीट चालला तरी महिन्याचा खर्च दोन्हीकडे सारखाच पडतो. त्यापुढचा प्रत्येक महिना फायद्याचा. माझ्या अंदाजाने तो दीड-दोन वर्षं सहज निघेल.

हप्त्याची मला खरंच काळजी वाटते. तुमची मिळकत दरमहा सारखी नाही, हप्ता मात्र ठरल्या तारखेला जातो. बिनव्याजी म्हणतात तिथेही प्रक्रिया शुल्क लागू शकतं आणि रोखीची सूट हुकू शकते. त्यापेक्षा तोच हप्ता पुढच्या महिन्यापासून आवर्ती ठेवीत टाका. एखाद्या महिन्यात जमलं नाही तर किरकोळ दंडावर भागतं.

एका गोष्टीने माझं उत्तर बदलेल. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून बघा. तो डगमगत असेल किंवा टचपॅड वर आला असेल तर बॅटरी फुगलेली असू शकते. मग वापर आणि चार्जिंग दोन्ही थांबवा, आधी बॅटरी बदलण्याचा खर्च विचारा आणि तो रॅममध्ये मिळवून गणित पुन्हा मांडा. दोन्ही मिळून नव्याच्या तिसऱ्या हिश्श्यापुढे गेलं, तर मला परत लिहा.

पट्टी परत घेणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्या, बसवल्यावर रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालू ठेवा, आणि जुनी ४ची पट्टी विकू नका. उद्या यंत्र सुरूच झालं नाही, तर दोष नव्या पट्टीचा की बोर्डाचा हे तिच्यावरूनच कळेल.