रामनवमीला जन्म दुपारी बाराला का, आणि घरी साधेपणाने कसा साजरा करावा?

रामाचा जन्म चैत्र शुद्ध नवमीला भर माध्यान्ही झाला, असं मानतात, म्हणून बारा. कृष्णाचा मध्यरात्री, मारुतीचा सूर्योदयाला, दत्ताचा संध्याकाळी. प्रत्येकाची वेळ वेगळी.

घरी फार तामझाम लागत नाही. सकाळी पूजा आटपून घ्या. पाळणा नसेल तर छोटी परडी फुलांनी सजवा, मूर्ती तीत ठेवा. मूर्ती नसेल तर नारळाला कुंची घालून तो बाळ म्हणून ठेवतात. बाराला फुलं-गुलाल उधळून पाळणा म्हणायचा, मग आरती. नैवेद्याला सुंठवडा हवाच: सुंठ, किसून भाजलेलं सुकं खोबरं, खडीसाखर, थोडी खसखस, खारीक. सुंठ बेताने घाला, नाहीतर लहान मुलं थू थू करतात! सोबत पन्हं आणि आंब्याची डाळ, कैरीचा हंगामच असतो.

देवळात जाणार असाल तर अकरापर्यंत पोहोचा. खरी मजा जन्माच्या कीर्तनात. बुवा आख्यान असं रंगवतात की नेमका बाराच्या ठोक्याला जन्म होतो. तोवर सगळ्या मांडवाच्या मुठीत फुलं, आणि अर्धं लक्ष घड्याळाकडे.

नाशिकला जमलं तर काळाराम मंदिरात जाऊन या, पण नवमीला तिथे तुफान गर्दी असते. रथ बघायचा असेल तर दोन दिवसांनी, कामदा एकादशीला जा. त्या दिवशी रामरथ आणि गरुडरथ निघतात.