ड्रोन उडवून कुत्र्याला पळवलं तर चालेल का? (लॅब्रॅडॉर, २ वर्षं, गोरेगाव)

तुम्ही लिहिलंय की लॅब दोन वर्षांचा आहे, फ्लॅट नवव्या मजल्यावर आहे, ऑफिसातून आल्यावर हातात जेमतेम अर्धा तास उरतो, आणि रील्स बघून सोसायटीच्या गच्चीवर छोटं ड्रोन उडवून त्याला पळवायचा विचार आहे.

आधी गच्ची डोक्यातून काढा. ड्रोनमागे लागलेला कुत्रा पायाखाली बघत नाही. मान वर, डोळे त्या घोंगावणाऱ्या वस्तूवर. ड्रोन वाऱ्याने चार फूट कठड्याबाहेर सरकलं की तोही मागे जाणार, आणि गच्चीचा कठडा म्हणजे धावत्या लॅबला किरकोळ अडथळा.

मी लग्नाच्या शूटिंगला ड्रोन उडवतो आणि घरात ढब्बू नावाचा गावठी कुत्रा आहे. त्यामुळे हा उद्योग माझ्याकडून होणारच होता. दहिसरच्या आमच्या सोसायटीचा हॉल दुपारी रिकामा असतो. तिथे पुतण्याचं खेळण्यातलं ड्रोन घेऊन गेलो. पहिल्याच वळणावर ढब्बू गुळगुळीत लादीवर घसरला आणि मागचे दोन्ही पाय फाकले. दुसऱ्या दिवशी गणपतीत अंथरतो त्या सतरंज्या काढल्या, कडा चिकटपट्टीने बसवल्या, मग जरा जमलं. लॅबला तर ही काळजी जास्तच घ्यावी लागते, कारण या जातीत खुब्याचे सांधे मुळात कच्चे असणं बऱ्यापैकी आढळतं. वजन वाढलेलं असेल तर उड्या मारायला लावूच नका, नुसतं पळू दे.

तिसऱ्या दिवशी घोटाळा झाला. या खेळण्यातल्या ड्रोनची बॅटरी सात-आठ मिनिटांत मान टाकते. माझं लक्ष नव्हतं, ड्रोन आपसूक खाली यायला लागलं आणि ढब्बूने ते हवेतच पकडलं. पंख्यांना गार्ड होते, तरी एक तुटून ओठाला बारीक चीर गेली. मी त्या रक्ताकडे बघत होतो, बायको म्हणाली, "अहो, बॅटरी बघा आधी." सुळा बरोबर बॅटरीत रुतला होता. रिकाम्या कुंडीत वाळू भरून ती त्यात ठेवली आणि कुंडी गॅलरीत, कपड्यांपासून लांब. सकाळी बघतो तर पुरीसारखी टम्म फुगलेली. ड्रोनच्या लिथियम पॉलिमर बॅटरीला कडक कवच नसतं, मऊ पाकीट असतं. दात आत गेला तर आतल्या आत शॉर्ट होऊन ती पेटू शकते, आणि हे तोंडात असतानाही होऊ शकतं. चावलेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावायची नाही, कितीही ठीक दिसली तरी.

तेव्हापासून आमच्याकडे माणसं दोन लागतात. एक फक्त रिमोट बघतो, दुसरा फक्त कुत्रा. ड्रोन आठ-नऊ फुटांच्या खाली येत नाही. उतरवायच्या आधी दुसऱ्याने कुत्र्याला पट्टा लावून धरलेला असतो. एकट्याने रिमोट आणि पट्टा दोन्ही सांभाळतो म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

आवाजाची सवय लावायला मी घाई केली होती, तुम्ही करू नका. आपल्याला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास. आपल्याला जो 'घूं' वाटतो, त्यात त्याच्या कानाला आणखी काय काय जात असेल. आधी बंद ड्रोन जमिनीवर ठेवून शेजारी जेवणाचं भांडं, दोन-तीन दिवस. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला नुसते पंखे फिरवायचे आणि इकडे खाऊ द्यायचा. कान मागे, शेपूट आत, सारखा ओठ चाटतोय किंवा उगाच जांभया देतोय, तर तो खेळत नाहीये, घाबरलाय. थांबा. काही कुत्र्यांना हे कधीच आवडत नाही.

आणि उलटंही होतं. लेझरच्या ठिपक्यामागे पळणारे काही कुत्रे नंतर भिंतीवरच्या कवडशामागेही वेड्यासारखे लागतात, कारण हाती कधी काही लागतच नाही. ड्रोनचंही तसंच होऊ शकतं. म्हणून आम्ही पाच मिनिटांनी ड्रोन उंच नेतो आणि त्याच क्षणी बायको दोरीचं खेळणं फेकते. ते त्याने पकडायचं, हलवायचं, फाडायचं. शिकार मिळाली की गडी शांत.

आता म्हणाल, हॉल नको, मैदानात जाऊ. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं की त्याला नियमच नाहीत. पण ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरचा पट्टा जमिनीपासूनच पिवळा असतो, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. तुमचं गोरेगाव साधारण त्याच पट्ट्यात येतं. सरकारच्या 'डिजिटल स्काय' या ड्रोनसाठीच्या संकेतस्थळावरच्या नकाशात स्वतःची गल्ली बघून घ्या. शिवाय मुंबई पोलीस वेळोवेळी ड्रोन, पॅराग्लायडर वगैरेंवर बंदीचे आदेश काढतात, मुदत संपली की बऱ्याचदा नवा आदेश येतो. शूटिंगच्या परवानगीसाठी मी जे हेलपाटे घालतो ते बघता, कुत्र्याच्या खेळासाठी कोणी हे करेल असं वाटत नाही. बीचवर तर घारी ड्रोनवर झडप घालतात आणि भटकी कुत्री गोळा होतात. ढब्बूला मोकळ्यावर ड्रोनमागे पळवलंय ते फक्त मुरबाडजवळ सासुरवाडीच्या शेतात, भात कापून झाल्यावर.

मोकळ्यावर पळवायचंच असेल, कशाहीमागे, तर मुंबईची हवा लक्षात ठेवा. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो आणि दमट हवेत ते नीट होत नाही. ऑक्टोबरात आणि मेमध्ये आम्ही सकाळी सातच्या आत आटपतो. जमिनीवर हाताचा पंजा पाच-सात सेकंद टेकवून बघा, चटका बसला तर त्याच्या पायांनाही बसणार. जीभ लांब लोंबायला लागली, लाळ घट्ट झाली, चाल लडखडली तर लगेच सावलीत, अंगावर साधं पाणी, पंखा, आणि थेट डॉक्टर. जेवल्यावर दीड-दोन तास पळवायचं नाही.

तुमच्या अर्ध्या तासाला मला विचाराल तर कळकाची चार फुटी काठी, तिला दोरी आणि टोकाला जुन्या टॉवेलची गाठ. पार्किंगच्या कोपऱ्यात गोल फिरवा, गाठ जमिनीलगत ठेवा म्हणजे उड्या लागत नाहीत, अधूनमधून पकडू द्या. दहा मिनिटांत लॅब धापा टाकत बसेल. उरलेली वीस मिनिटं त्याला हवं तिथे हुंगत फिरू द्या, घाई न करता. पुतण्याचं ड्रोन आता आमच्या कपाटावर आहे, आणि काठी दाराआड. संध्याकाळी मी चप्पल घातली की ढब्बू कपाटाकडे बघत नाही, दाराआड नाक घालतो.