धार्मिक कट्टर विचारांना कायम शत्रू का लागतो?

'भीती हेच कारण असेल का?' असं तुम्ही विचारलंय. भीती आहेच, पण मला तिच्याआधी दिसतो तो हिशोब.

मी मिरजेचा. कॉलेजात असताना एका गणेश मंडळात होतो. एका वर्षी बैठकीत वर्गणीचा हिशोब मागितला, तर एक जण उसळून म्हणाला, "तिकडं ते सगळे एक होतायत, आणि तू इथं पावत्या मोजत बस!" 'ते' म्हणजे कोण, हे कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, गप्प खाली बसलो. हिशोब राहिला तो राहिलाच. शत्रू वेशीबाहेरचा असतो, पण त्याच्या नावानं तोंडं बंद होतात ती घरातल्यांची.

साध्या श्रद्धेला ही गरज पडत नाही. वारकऱ्याला चालायला वाट आणि विठ्ठल पुरतो, रोजा ठेवणाऱ्याचा झगडा स्वतःच्या भुकेशी असतो. कट्टर विचार मात्र वायदा मोठा करतो: सगळे आमच्यासारखे वागले की सुखाचे दिवस येतील. ते येत नाहीत. मग पुढाऱ्याला जाब विचारायचा, की कुणाचा तरी डाव आहे म्हणायचं? दुसरं सोपं.

बाहेरचा शत्रू हाताशी नसला की घरातलाच शोधला जातो. चौथं क्रुसेड, म्हणजे युरोपातल्या ख्रिस्त्यांचं धर्मयुद्ध, निघालं होतं मुसलमानांविरुद्ध, पण १२०४ साली त्या फौजेनं लुटलं कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल), तेही ख्रिस्ती शहर. खलिफा अलींना ६६१ मध्ये मारलं ते एका खारिजीनं, म्हणजे इतरांपेक्षा स्वतःला पक्का मुसलमान समजणाऱ्यानं. इस्रायलचे पंतप्रधान राबिन १९९५ मध्ये एका ज्यू तरुणाच्या गोळीनं गेले. गांधीजींचं तर सांगायलाच नको. (त्यांच्या खुनानंतर आमच्या सांगली-साताऱ्याकडं ब्राह्मणांची घरं जाळली गेली. ज्यांचा त्या खुनाशी काडीचा संबंध नव्हता, त्यांचीसुद्धा. तेव्हा हा रोग फक्त धर्मवेड्यांचा, असंही म्हणवत नाही.)

आणखी एक. हा शत्रू ओळखीचा असून चालत नाही. सप्टेंबर २००९ मध्ये अफझलखान वधाचं चित्र असलेल्या कमानीवरून मिरजेत दंगल पेटली, संचारबंदी लागली. आमच्या गल्लीत तंबोरे करणारे एक चाचा राहायचे. त्या दिवसांत सगळ्यात तावातावानं बोलणारा पोरगा रोज पहाटे मागच्या बोळातून त्यांच्याकडं दुधाची पिशवी पोचवून यायचा. "चाचा त्यातले नव्हेत," म्हणायचा.

"मग त्यातले कोण?" मी विचारलं.

"पलीकडच्या गल्लीतले."

पलीकडच्या गल्लीत तो कधी गेलेलाच नव्हता.