उपनगरातील बसच्या फेऱ्या वाढवून हव्या असतील तर निवेदनात काय मागावे?

आपण विचारले आहे की हांडेवाडी रस्त्यावरून स्वारगेटला जाणारी बस जवळजवळ पाऊण तासाने येते आणि सकाळी ती भरलेलीच असते. अशा वेळी परिसरातील सोसायट्यांनी पीएमपीला, म्हणजे पुणे महानगर परिवहन महामंडळाला, द्यायच्या निवेदनात नवा थेट मार्ग मागावा की आहे त्या मार्गावर जादा बस मागाव्यात. मी पुण्याबाहेरील एका महापालिकेच्या परिवहन उपक्रमात काही वर्षे वेळापत्रके बसवण्याचे काम केले आहे. त्या अनुभवावरून मला वाटते की यांपैकी कोणतीही मागणी आपली पहिली मागणी नसावी. पहिली मागणी मार्ग आखूड करण्याची असावी, आणि ती काही अटी घालूनच करावी.

यामागचा हिशेब साधा आहे. एखाद्या मार्गावर बस किती मिनिटांनी येईल हे बसच्या संख्येइतकेच एका बसला जाऊन परत यायला किती वेळ लागतो यावरही ठरते. समजा, आपल्या भागातून स्वारगेटपर्यंतचे अंतर 14 किलोमीटर आहे आणि गर्दीच्या वेळी बसचा वेग ताशी 12 किलोमीटर पडतो. म्हणजे एका बाजूला 70 मिनिटे लागतात, दोन्ही टोकांना दहा-दहा मिनिटांचा थांबा धरला तर पूर्ण चक्र 160 मिनिटांचे होते, आणि 4 बस दिल्या तरी दोन बसमध्ये 40 मिनिटांचे अंतर राहते. आता तीच बस फक्त हडपसरच्या गाडीतळापर्यंत, म्हणजे 6 किलोमीटर, चालवली असे धरा. शहरातील कोंडी टळल्याने वेग ताशी 15 किलोमीटर धरला, तर एका बाजूला साधारण 24 मिनिटे आणि प्रत्येक टोकाला 6 मिनिटे, म्हणजे चक्र एका तासाचे होते. 3 बसमध्ये दर 20 मिनिटांनी सेवा मिळते आणि चौथी बस गाडीतळ ते स्वारगेट या मुख्य मार्गाला देता येते. एकही नवी बस न घेता प्रतीक्षा निम्मी होते. अंतरे आणि वेग आपण आपल्या भागाचे घालून पाहावेत. निष्कर्षाची दिशा बदलणार नाही.

लांब मार्गाचे दुसरे नुकसान असे की सोलापूर रस्त्यावरील कोंडीची शिक्षा हांडेवाडीच्या थांब्यावर उभ्या असलेल्या प्रवाशाला भोगावी लागते. बस शहरात अर्धा तास अडकली की उपनगरातील पुढची फेरी उशिराने निघते किंवा रद्द होते. आमच्याकडे मुख्य मार्गावर एखादी बस बंद पडली की तिच्या जागी कमी उत्पन्नाच्या उपनगरी मार्गावरील बस सर्रास काढून दिली जात असे, कारण तेथे ओरड कमी होत असे. त्यामुळे वेळापत्रकातील फेऱ्या आणि प्रत्यक्ष धावलेल्या फेऱ्या यांत पडणारे अंतर पाहिल्याशिवाय जादा बसची मागणी करण्यात फारसा अर्थ नसतो. नियमितपणाही मोजावा लागतो. सरासरी 20 मिनिटांनी धावणाऱ्या बस ठरल्या अंतराने आल्या तर प्रवाशाला सरासरी 10 मिनिटे थांबावे लागते. पण त्याच बस आलटून पालटून 5 आणि 35 मिनिटांच्या अंतराने येऊ लागल्या तर ही प्रतीक्षा सुमारे साडेपंधरा मिनिटांवर जाते, कारण बहुतेक प्रवासी 35 मिनिटांच्या खंडातच थांब्यावर येतात. कागदावर फेऱ्या मात्र तितक्याच दिसतात.

आता अटींविषयी. गाडीतळावर बस बदलायला लावणे हा आपल्या शेजाऱ्यांच्या दृष्टीने तोटाच आहे, आणि तो भरून निघाला नाही तर लोक दुचाकी काढतील. पहिला प्रश्न तिकिटाचा आहे. जून 2025 च्या भाडेवाढीनंतर पहिल्या 5 किलोमीटरला 10 रुपये आणि पुढे 30 किलोमीटरपर्यंत प्रत्येक 5 किलोमीटरच्या टप्प्याला आणखी 10 रुपये, अशी पीएमपीच्या भाड्याची रचना आहे. आपल्या उदाहरणात थेट प्रवासाला 30 रुपये लागतात, पण 6 आणि 8 किलोमीटरचे दोन वेगळे प्रवास केले तर 20 आणि 20 मिळून 40 रुपये होतात. म्हणजे बस बदलल्याचा दंड दहा रुपये. दैनिक पास 70 रुपयांचा असल्याने जाऊन-येऊन प्रवास करणाऱ्याला थोडा दिलासा मिळतो. पण ठरावीक वेळेत दुसरी बस पकडल्यास एकाच प्रवासाचे भाडे आकारावे, ही मागणी निवेदनात ठळकपणे यायला हवी. सोल शहराने 2004 साली बससेवेची फेररचना केली, तेव्हा निळ्या मुख्य मार्गांना हिरव्या जोडबस, म्हणजे मुख्य मार्गापर्यंत प्रवासी आणून सोडणाऱ्या बस, दिल्या. मात्र त्याबरोबरच बस आणि मेट्रो मिळून अंतरानुसार एकच भाडे लागू केले आणि खासगी बसचालकांचे उत्पन्न प्रवासीसंख्येऐवजी धावलेल्या किलोमीटरशी जोडले. हे केले नसते तर मार्गांची नुसती तोडमोड लोकांनी सहन केली असती असे मला वाटत नाही.

दुसरी अट अशी की मुख्य मार्गावरील बस दिवसभर दर काही मिनिटांनी खरोखर मिळाली पाहिजे. तिसरी, गाडीतळावर दोन्ही बस जवळजवळ उभ्या राहाव्यात. पावसात रस्ता ओलांडून दुसरा थांबा शोधावा लागत असेल तर ज्येष्ठ नागरिक या व्यवस्थेला कधीही मान्यता देणार नाहीत, आणि त्यांचे बरोबरच असेल. त्यांच्यासाठी आणि सामान घेऊन जाणाऱ्यांसाठी सकाळी व संध्याकाळी मोजक्या थेट फेऱ्या ठेवाव्यात असेही सुचवता येईल. स्वारगेटचे भुयारी मेट्रो स्थानक सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झाल्यापासून मुख्य मार्गाचे महत्त्व वाढलेच आहे.

निवेदनांमध्ये सहसा न येणारा मुद्दा म्हणजे बस वळवायची आणि उभी करायची जागा. उपनगरी मार्ग एखाद्या चौकात संपतो, तेथे बस उभी राहिली की वाहतूक तुंबते, म्हणून चालक थांब्याचा वेळ न घेताच परत फिरतो आणि झालेला उशीर पुढच्या फेरीत तसाच राहतो. चालक-वाहकांना स्वच्छतागृह नसते. महिला वाहकांसाठी हा प्रश्न किती गंभीर असतो हे मी जवळून पाहिले आहे. औताडे-हांडेवाडी 2021 साली इतर 22 गावांबरोबर पुणे महापालिकेत आली. त्यामुळे तेथील सार्वजनिक सोयींसाठी राखलेल्या सुविधा भूखंडांपैकी एखादा बसच्या शेवटच्या थांब्यासाठी मिळवण्याची मागणी महापालिकेकडेही करावी. सोसायट्या एकत्र असतील तर या एका गोष्टीत त्या परिवहन अधिकाऱ्यांपेक्षा अधिक उपयोगी ठरू शकतात. रस्ता अरुंद असल्याची सबब सांगितली गेली, तर पीएमपीच्या ताफ्यात 9 मीटर लांबीच्या बस 2019 पासून आहेत हे लक्षात आणून द्यावे.

अधिकारी बहुधा उत्पन्नाचा आकडा पुढे करतील. प्रति किलोमीटर उत्पन्न, ज्याला आम्ही ईपीके म्हणत असू, उपनगरी मार्गावर कमी असते हे खरे आहे; पण पाऊण तासाने येणाऱ्या बसची वाट पाहणारे कमीच असणार, आणि तो आकडा दाखवून बस आणखी कमी करणे हा उलटा न्याय आहे. पीएमपीची संचलन तूट पुणे महापालिका 60 टक्के आणि पिंपरी-चिंचवड महापालिका 40 टक्के अशी उचलते. त्यामुळे या युक्तिवादाचे उत्तर आगारप्रमुखाकडे नसते. ते महापालिकेच्या अंदाजपत्रकात असते, आणि निवेदनाची प्रत तेथेही गेली पाहिजे.

निवेदनापूर्वी माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागवाव्यात: आपल्या मार्गाच्या नियोजित फेऱ्या, प्रत्यक्ष धावलेल्या फेऱ्या, आणि तिकीट यंत्रातील टप्पानिहाय प्रवासीसंख्या. उत्तराची कायदेशीर मुदत 30 दिवसांची आहे. त्या महिन्यात सोसायट्यांनी पाळीपाळीने आपल्या थांब्यावर बस येण्याची वेळ लिहून ठेवावी. बहुतेक प्रवासी गाडीतळालाच उतरतात असे टप्पानिहाय आकड्यांवरून दिसले, तर मार्ग आखूड करण्याची मागणी करायला हरकत नाही. निम्म्याहून अधिक लोक थेट स्वारगेटपर्यंत जात असल्याचे दिसले, तर थेट मार्ग कायम ठेवून दरम्यानच्या वेळेत गाडीतळापर्यंतच्या आखूड फेऱ्या मागाव्यात; त्यासाठी एक-दोन जादा बस लागतील आणि ती मागणी आकड्यांसह करता येईल.